प्रश्न सतरावा

धुळ्याची ओपीडी, खोली नऊ.
पंखा फिरतो, वारा दुसऱ्याच कुणाला देतो.
माझ्यापुढे अकरा पानांची प्रश्नावली,
दूरदेशी जन्मलेली, पुण्यात मराठी झालेली,
आणि समोर फागण्याच्या सकवारबाई देवचंद माळी.
उजवा खांदा आखडलेला. सात महिने.

मी वाचते :
गेल्या सात दिवसांत डब्याचं घट्ट झाकण उघडताना
किती त्रास झाला?
"झाकन सून उघाडस," त्या म्हणतात.
माझं पेन थांबतं.
त्रास नाही, की झाकणच वाट्याला येत नाही?
दोन्हींसाठी चौकट एकच आहे.

शून्य म्हणजे वेदना मुळीच नाही,
दहा म्हणजे कल्पना करता येईल अशी सर्वांत वाईट.
"कोन्ही कल्पना? मन्ही का तुन्ही?"
प्रशिक्षणात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
"मन्हा तीन बायतपनं व्हयनात, माय.
दहा तठेच सरी गयं.
आते लिख पाच."

मी पाच लिहिते.
कूस बदलताना जाग येते का, याला त्या
"रात सरस नही" एवढंच म्हणतात.
मी 'नेहमी' वर खूण करते,
आणि रात्र त्या खुणेत मावत नाही हे कळूनही
पान उलटते.

प्रश्न सतरावा. हात जोराने फिरवावा लागतो
असे करमणुकीचे खेळ खेळता येतात का?

सकवारबाई हसल्या.
मग उठल्या, पदर खोचला,
आणि त्या कोंदट खोलीत, पीठ नाही, पुरण नाही,
चूल नाही, पालथं खापर नाही,
मांडा करायला लागल्या.
तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे,
या हातावरून त्या हातावर
नसलेली पोळी वाढत गेली, पातळ होत गेली,
आणि उजवा हात खांद्याच्या उंचीला येऊन
अडला.
"आठे," त्या म्हणाल्या. "आठे फाटस."
मी शपथेवर सांगते, मला ती फाटलेली दिसली.

कोनमापकाने त्याच जागी एकशे दहा अंश सांगितले होते.
ते खोटं नव्हतं.
मी समासात लिहिलं : मांडा कोपरापाशी फाटतो.

गुरुवारच्या बैठकीत आकडेवाले सर म्हणाले,
छान आहे, पण याचा आकडा किती?
त्यांचंही चुकत नव्हतं.
चारशे बारा खांद्यांची बेरीज करायची आहे,
फाटलेल्या मांड्यांची सरासरी निघत नाही.
मी चहा घेतला. समास तसाच राहिला.

आखाजी झाल्यावर त्या पुन्हा आल्या.
एकशे पन्नास अंश. डॉक्टर खूश.
रात्री झोप लागते, बोलताना हातवारे होतात.
वेदना शून्य ते दहा?
"पाच."
"तेव्हाही पाचच सांगितलं होतं, मावशी."
माझ्या आवाजात थोडी फिर्याद होती,
जणू त्यांनी माझा अभ्यास बुडवला.

त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेली घडी काढली,
टेबलावर, नेमकी फॉर्मवर ठेवली.
"आखाजीले चाळीस मांडा करात. येकली.
ते पाच रातनं व्हतं.
हाई पाच चाळीस मांडासनं शे."

संगणकात दोन पाच शेजारी बसले.
वजाबाकी केली : बदल शून्य.
पाच ओळखीचा, पाच अनोळखी,
दोघांचा चेहरा एकच.

रात्री फॉर्म आवरताना पाहिलं,
तुपाचा डाग पानातून आरपार उतरलाय.
स्कॅनरने ते पान दोनदा परत केलं.
तिसऱ्यांदा मी दिलंच नाही;
दिव्यासमोर धरलं.
डागाएवढ्या उजेडात
मागच्या बाजूचा सतरावा प्रश्न
उलटा, पण स्वच्छ
वाचता येत होता.