धाव

हिंगण्याच्या शेडमध्ये रात्री दोनला
चिलरचं पाणी एकदाचं पंचवीस अंशावर येतं.
दिवसा शक्यच नाही. मे महिन्यात पत्रा असा तापतो
की आमच्याआधी मशीनच दम टाकते
आणि लाल दिवा लावून बसते.
म्हणून आम्ही निशाचर : मी,
शालिकरामजी बावनथडे, वय एकसष्ट,
आणि हा किरण, जो दिसत नाही.

दिसत नाही, तर त्याचं तोंड पाहायला
किराण्याच्या बिलाचा कागद धरायचा.
उष्णता लागली की तो काळा पडतो.
तूरडाळ, हिंग, अगरबत्ती शाबूत,
साबणाच्या ओळीवर ठसा :
मधोमध भोक, भोवती काळं,
मग करडं, मग धुरकट, मग नुसता संशय.
पुस्तकात ह्याला घंटेचा आकार म्हणतात.
मला तो आमच्या पगारपत्रकासारखा वाटतो,
मधल्या एकाला सगळं
आणि कडेच्यांना ऊब.

तांब्याला हा किरण मानवत नाही.
ई-रिक्षाच्या बॅटरीतली पट्टी, नखाहून जराशी जाड.
आधी आरशासारखी हसते, सगळा उजेड परत करते,
मग अचानक एका जागी शरण येते
ती थेट उकळतेच.
थेंब उडतात. शिवणीत भोकं राहतात,
सुई पुढे गेली आणि दोरा मागे विसरला तशी.
परवा कळमन्याहून चाळीस डबे परत आले.
मालक काही बोलले नाहीत.
डबे तेवढे माझ्या टेबलाशी रचून ठेवले.

तर आज मी आकार बदलते आहे.
शक्ती तितकीच, एक वॅट वाढवलेला नाही,
मीटर साक्षीला आहे.
फक्त मधल्याचं काढून कडेला द्यायचं.
साठ टक्के. सत्तर.
नवं बिल धरते :
काळं कडं, आत बारीक ठिपका,
दोघांमध्ये पांढरी वाट.

शालिकरामजी चष्मा कपाळावर सरकवतात.
छत्तीस वर्षं रॉड धरलेला हात कागदाकडे येतो.
"मधातली आग काढून घेतली काऊन, पोरी?
जोडाचं त मधातच आहे नं."

मी सांगू लागते. उष्णतेचा उतार,
धातूत पडणारं वाफेचं बीळ,
त्याचं तोंड रुंद राहिलं तर वाफ निवांत बाहेर येते,
तोंड मिटलं की…
पाचव्या वाक्याला माझी मराठी संपते.

ते बिल उलटसुलट करून पाहतात. बराच वेळ.
"हे त धाव चढवाचं काम आहे."
मला पळणं आठवतं.
"तशी धाव नाही जी. बंडीच्या चाकाची.
उमरेडले आमचा बुढा करे.
लोखंडाचं कडं भुईवर ठेवाचं,
त्याच्यावर गोवऱ्या रचाच्या, गोल.
मधात काहीच नाही.
कडं फुललं का चाकावर बसवाचं, मंग पाणी.
आग कुठं नाही लावाची,
हे पयले शिकवलं बुढ्यानं. घन मंग हाती देल्ला."

पट्टी बसवते. दार लावते. बटण.
कड्याची पुढची कमान आधी पोचते,
तांब्याला कानात सांगून ठेवते,
मागून ठिपका येतो आणि खोल उतरतो.
आवाज वेगळा आहे. तडतड नाही,
दूरच्या चक्कीसारखा एकसुरी.

भिंगाखाली शिवण : खवल्यावर खवला टेकलेला.
मी श्वास सोडते, आणि मग दिसतात
शेवटाकडे दोन भोकं,
मोहरीहून लहान.

शालिकरामजी वाकून पाहतात, नखाने चाचपतात.
"पासष्ट करून पाय," म्हणतात.
"जराशी मधात बी असू दे."

मी पासष्ट टाकते.
चिलर गुरगुरतो.
उजाडायला, म्हणजे तापायला,
अजून दोन तास आहेत.