कोटा

जहाज कुणाच्याच हद्दीत नाही.
मी विजयनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
त्याच्या डेकवरचे मासे मोजते.
पिवळ्या पराचा कुपा: एकोणीस.
मग कुणीतरी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतं.
अकरा मिनिटं टॉवेलच. निळा, कडेला उसवलेला.
रकान्यात लिहिते: दृश्य नाही.

कोट्यावरून देश भांडतात, सांगितलं तर
आई म्हणाली, आपला निनाद तिथेच होता ना,
दोन वर्षं, मेसचं खाऊन?

नर्मदा आमच्या गल्लीत एक दिवसाआड.
मोटर कुणी लावायची नाही, ठरलंय.
ठराव मुळ्ये वकिलांच्या अक्षरात,
खाली सगळ्यांच्या सह्या.
पहाटे पाचला बादली भरताना
धार बारीक होत जाते
आणि भिंतीपलीकडे कुठेतरी
घूंऽ

मी कान लावून मोजते. एक. बहुतेक दोन.

आमची जिन्याखाली आहे,
पोतं टाकून.