अर्ध्या तिकिटाची रेघ

लाँचच्या केबिनला, दाराच्या डाव्या अंगाला
तांबडी रेघ आहे एक.
डोकं रेघेखाली, तर अर्धं तिकीट.
वर गेलं, तर पुरं.
सोळा वर्षं मी त्या रेघेशेजारी उभा आहे,
गळ्यात चामड्याची पिशवी,
आणि सुट्ट्या नाण्यांनी हिरवट पडलेला अंगठा.

गणपती गेले आणि दुसऱ्या सोमवारी
धक्क्यावर कागद लागला : सुधारित दर.
माणूस, दहाचे पंचवीस.
मासळीची पाटी, पाचाचे वीस.
गॅसचा सिलिंडर तीस. शेळी पंधरा.
कोंबडी मांडीवर असेल तर माफ.
मयताबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.
मी ऑफिसात विचारलं.
म्हणाले, बघू, वेळ आली की.
आमच्या जुव्यावर वेळ येते
ती ओहोटी बघून येते, साहेब,
तेव्हा लाँच चिखलात बसलेली असते.

शरीफा होडेकर आठवड्यातून दोनदा
पलीकडे जाते, रक्त धुऊन घ्यायला.
यंत्र सरकारी, त्याला पैसे पडत नाहीत.
खाडीला पडतात.
आधी मुलगा असायचा सोबत,
तिची चप्पल हातात धरून फळीवरून उतरवायचा.
आता तो धक्क्यावरच थांबतो,
लाँच वळेपर्यंत हात वर.
उतरताना तिचा दंड मी धरतो.
त्याचा दर कागदावर नाही.

खारवीवाड्यातल्या बायकांनी
दोघींची मासळी एका पाटीत घातली.
वरून एकच फडकं,
आणि फडक्याखाली भांडण,
तुझे बांगडे किती न् माझे किती,
ते बाजार येईपर्यंत.
सुंदरा डोर्लेकर मला म्हणाली,
“मेल्या, रस्त्यानं चालणाऱ्याकडं
कोन पैशे मागतो काय रे पावलाचे?
आमचा रस्ता वला, म्हनून?”

मी तिकीट फाडलं.
मला पास आहे. माझ्या घरचा रस्ता मला फुकट.
हे तिनं म्हटलं नाही,
पण माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

अवसेच्या सांजेला खाडी उघडी पडते,
तेव्हा लोक लुगडी, पँटी वर खोचून
चिखलातून चालू लागले.
मांडीपर्यंत रुतत, काठीनं ठाव घेत,
डोक्यावर रेशनचे तांदूळ.
तांडेल इंजिन बंद करून बघत बसायचा.
“एखादा जायचा यातून,” म्हणायचा,
आणि विडी विझलेलीच ओढायचा.

आणि पोरं.
हायस्कूल पलीकडे, पोरं अलीकडे.
रेघेजवळ आली की ती गुडघ्यात वाकायची.
मिसरूड फुटलेला निसार सोलकरसुद्धा
दप्तर पोटाशी धरून असा खाली यायचा
की वाटावं, नमाजच पडतोय.
रोज सकाळी माझ्यासमोर
एक अख्खी शाळा वाकून जायची.

मे महिन्यातल्या रंगकामाचा डबा
बाकाखाली होता, तळाला थोडा ओला.
एका रात्री मी जुनी रेघ खरवडली
आणि दोन विती वर नवी ओढली.
हात थरथरला, म्हणून उजवीकडे जरा चढलीय.

तपासणीला साहेब आले, थंडीत.
आधी हिशेब पाहिला, मग पोरांकडे.
“एवढी सगळी अर्धी तिकिटं?”
तांडेल म्हणाला, “खारा वारा, साहेब.
इथं माडसोडून कायच उंच व्हत नाय.”
साहेब रेघ बघायला पुढे आले,
अगदी जवळ, पाठ टेकून उभे राहिले,
आणि मागून कुणीतरी पोर ओरडलं,
“साहेबांना अर्धं!”

लाँच हसली. शरीफासुद्धा.
माझा हात सवयीनं पिशवीत गेला,
सवयीनंच फाडलं.
साहेबांनी ते अर्धं तिकीट घेतलं,
दोन्ही बाजूंनी पाहिलं,
आणि वरच्या खिशात ठेवलं.

अजून पत्र आलेलं नाही.
टपालाची पिशवी रोज मीच आणतो,
मांडीवर घेऊन.
तिला तिकीट पडत नाही.