बाई असण्यातून सूट

अर्ज करावा लागला लेम्पी कूसेलाला:
'बाई असण्यातून मला सूट मिळावी.'
मिळाली. शिक्क्यासकट.
तो कागद तिने नकाशांच्या नळकांड्यात ठेवला,
सगळ्यात आत.

मी औलूच्या या शाळेत फरशी पुसते,
एकवीस वर्षं झाली.
तिला पाहिलेलं नाही.
पण तिचा जिना माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहे:
पायरी दोन बोटं बुटकी,
गावातल्या कुठल्याही पायरीपेक्षा.
म्हणतात, परांचीवर चढताना
झगा अडकून ती एकदा पडली
आणि गवंडी हसले.
हसू दिलं तिने. खाली बसल्या बसल्या
टेपने मोजत राहिली
कुणाच्या तरी पोराचं पाऊल.

कोटांच्या खुंट्या दोन उंचींवर.
बॉयलरच्या धुराड्याला चिकटून एक उथळ कपाट,
ओल्या हातमोज्यांसाठी.
नकाशात त्याला नाव नाही.

कोनशिलेवर नाव तिच्या साहेबांचं.
ते उद्घाटनाला आले, केक खाल्ला,
आणि विचारलं म्हणे, हे कपाट कसलं?

डिसेंबरात इथे दुपारीच दिवस मावळतो.
तिने वर्गाच्या खिडक्या नैर्ऋत्येला वळवल्या,
रस्त्याकडे पाठ करून.
नगरपालिकेला ते उद्धट वाटलं,
पत्रं आली, तिने उत्तरं दिली,
खिडक्या तशाच राहिल्या.

काल त्या तिरक्या उजेडात कपाट उघडलं.
सत्तावीस हातमोजे.
एकाला जोडीदार नव्हता.
तो मी परत आत ठेवला,
धुराड्याच्या बाजूला.