पारख

ओडबयर्ग चाळीस वर्षं सुक्या कॉडची प्रत लावत होती.
जूनमध्ये लाकडी मांडवांवरून मासे उतरले की
हेनिंग्स्वेरच्या गोदामात एकेक हातात घ्यायची,
पोटाच्या पोकळीतून अंगठा फिरवायची, हुंगायची:
हा इटलीला, हा नायजेरियाला, हा टाकाऊ.

तिच्या रक्तात तिच्याच जातीच्या पेशी होत्या.
छातीच्या हाडामागे, थायमसच्या शाळेत
शंभरातल्या दोन-तीनच पास झालेल्या.
डोळे नाहीत त्यांना. दाराशी जायचं,
पेशीनं बाहेर ठेवलेला प्रथिनाचा तुकडा चाचपायचा.
आपला. आपला. आपला. पुढे.

सहा वर्षांची असताना कांजिण्या आल्या.
त्या हिवाळ्यात एकीच्या हाताला परका तुकडा लागला,
आणि एकीच्या हजार झाल्या, हजाराच्या लाख.
खपल्या पडल्या. विषाणू गेला नाही;
कण्याशेजारच्या मज्जागाठीत शिरला
आणि दाराबाहेर काहीच न ठेवता बसून राहिला.
चाचपणार काय?

एकाहत्तर वर्षं.
कधी तो कूस बदलायचा, तुकडा बाहेर यायचा,
तेवढ्यात एखादी जुनी पेशी हात लावून जायची.
ओडबयर्गला पत्ताही नसायचा.

टोरलाइफ मार्चमध्ये गेला. गमबूट दारातच राहिले.
ती जेवायचं विसरू लागली.
शाळा तर केव्हाच चरबीनं बुजलेली,
आणि ज्यांना तो तुकडा ठाऊक होता
त्या विरळ झालेल्या.

डाव्या फासळ्यांवर आधी नुसती आग,
मग फोड, पाठीकडून बेंबीकडे.
इथल्या भाषेत याला नरकाचा अग्नी म्हणतात.
पट्टी बदलताना मी म्हटलं, आमच्याकडे नागीण.
तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपतो, असं लोक म्हणायचे.
"जुळायची नाही," ती म्हणाली. "अर्ध्यावर थांबलीय. बोटांनी मोजलंय मी."
खरंच होतं. एका गाठीची सत्ता एकाच कुशीवर.

पेशींची रीघ लागली, उशिरा, पण लागली.
तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा गाठीत गेला.
मेला नाही. हरला, असंही म्हणवत नाही.
रात्री अजून कळ येते तिला,
बिनकपड्यांची झोपते, खिडकी उघडी टाकून.

जूनमध्ये शेजारच्या आस्गेइरनं गोदामातून एक मासा आणला,
गंमत म्हणून तिच्या मांडीवर ठेवला.
तिनं डोळे मिटले.
पोकळीतून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा.
"मानेपाशी ओल राहिलीय," ती म्हणाली.
"हा बाजूला काढ."