निरोगी, क्रमांक चारशे बारा

बाही वर करा, म्हणाली परिचारिका,
आणि माझ्या हाताकडे बघून थबकली.
कालवं सोलणाऱ्या बाईचा हात:
पेरापेरावर सुरीच्या पांढऱ्या रेघा,
शीर मात्र जाड, आज्ञाधारक.
"तुम्ही निरोगी गटात,"
जणू बक्षीसच दिलं.

उन-मो बाहेर बसलाय, लोकरीची टोपी घालून,
ऐन जूनमध्ये.
आधी सहा महिने क्षयाच्या गोळ्या गिळल्या त्यानं,
लघवी नारिंगी झाली, आतडं तसंच कुरतडलेलं.
मग आजाराला खरं नाव मिळालं, परदेशी,
आईला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.
मग दुसरं औषध. तिसऱ्या आठवड्यात
उन-मो उठला आणि केस उशीवरच राहिले.
एका अक्षराचा घोळ, डॉक्टर क्वाक म्हणाले,
हे अक्षर आपल्याकडे बरंच सापडतं.
आणि गोऱ्यांच्या यादीतली जी अक्षरं
ती आपल्या रक्तात शोधली तर पान कोरं.
आपली यादी आपणच लिहायची,
एकेका नळीनं.

म्हणून मी. जांभळ्या बुचाची नळी.

सिगारेट? नाही.
दिवसातून किती वेळा जाता?
हे आजवर नवऱ्यानंही विचारलं नव्हतं.
एकदा, म्हटलं, कोंबडा आरवला की.
हसली. वडील?
गेले, त्रेचाळिसाव्या वर्षी.
कशानं?

घरात उत्तर ठरलेलं: दारूनं.
आई सोजूचं नाव घेऊन थुंकायची,
तोंगयोंगचा अख्खा धक्का मान डोलवायचा.
पण मी नऊ वर्षांची.
बोट लागली की ताडपत्रीमागची बादली
मी धुवायची.
आत असायचं ते मासळीचं रक्त नव्हतं.
मासळीचं रक्त मला ओळखू येत होतं.
कुणाला सांगू नकोस, म्हणायचे बाबा,
आणि तळहातावर एक सुकवलेलं पर्सिमन.
चाळीस वर्षं तो गोडवा
तोंडात धरून बसले.

आमच्याकडे म्हणतात, मायेच्या माणसासाठी
आतडं तुटतं.
म्हणायची गोष्ट.
भावाचं दीड हात कापून काढलं,
बुसानमध्ये, याच इमारतीत, वरच्या मजल्यावर,
त्यात मायेचा काही संबंध नव्हता.
किंवा असेल. बापाकडून आलेलं
दुसरं काय म्हणायचं त्याला?

"दारू लिहा," म्हटलं. तिनं लिहिलं.
नळी भरत आली. काळपट, कोमट,
कुठूनही कळत नव्हतं आत काय लिहिलंय.
माझा निकाल मला सांगणार नाहीत, तशी अट आहे.
अक्षरं असूनही आजार न होणारेच पुष्कळ, डॉक्टर म्हणाले.
मग त्याला का धरलं, मला का सोडलं,
याला रकाना नव्हता.

"खोडा ते."
"काय लिहू मग?"
बादली, असं कसं सांगणार.
"पोट," म्हटलं. "पोटानं गेले."

बाहेर उन-मो उठून उभा राहिला.
"दुखलं का?"
ज्याच्या दोन्ही कोपरांत
सुईला जागा उरली नाही, तो विचारतोय.
मला दिलेला संत्र्याचा रस त्यानं परत केला,
तो त्याला चालत नाही.

"बाबांचं एक सांगायचंय," म्हटलं.
"मला कुठे काय आठवतं," तो म्हणाला,
"मी चार वर्षांचा. एवढंच,
की पर्सिमन तुलाच मिळायचं.
तुलाच का गं?"