साचा

रायेन तोंड उघडत नाही.
पाच वर्षांची. पाय खुर्चीवरून लोंबकळतात,
बुटांना किनाऱ्यावरचं ओलं शेवाळ,
आणि ओठ असे मिटलेले
की शिंपलाही याहून लवकर सुरीचं ऐकतो.

घाई नाही, मी म्हणते. बोट चारला आहे.

तिची आई ओर्तेन्सिया सगळं पुन्हा सांगते,
जपून ठेवलेली पावती उलगडावी तसं:
सव्वीसावा आठवडा. पुएर्तो मोन्तचं इस्पितळ.
सातशे ऐंशी ग्रॅम,
"आमच्या शेतातले तीन बटाटे, डॉक्टर, तेही लहान."
एकाहत्तर दिवस नळी.
गालावर पट्टी, पट्टीखाली ओठ.
"ओठ कसे आहेत ते मी अडीच महिन्यांनी पाहिलं."

डोक्याची टाळू कधीच भरली.
तोंडातली टाळू मात्र त्या नळीभोवती वाढली,
कुंपणाच्या तारेभोवती झाडाची साल वाढते तशी.
मधोमध चर. त्यात पाव अडकतो, बटाटा अडकतो.
पुढचे दात उशिरा आले, आले ते टवके उडालेले, तपकिरी.
शेजारीण म्हणते, गोड फार खाल्लं असेल.
गोड!
तीन वर्षं हिनं चमचा ओठाला लागू दिला नाही.

आणि आडनाव. ञांको.
पांढऱ्या छातीचा ससाणा.
त्यातला पहिलाच आवाज
जीभ वर टेकल्याशिवाय निघत नाही.
तिची जीभ जाते वर, चाचपते,
चरातून वारा निसटतो.
शाळेत ती आंको.

चौथ्या खेपेला माप मिळालं.
ती उमासली, रडली, माझ्या बोटाला चावली.
चांगलंच चावली.
गुलाबी लगदा काढून उलटा धरला
तर त्यावर ती होती:
खाचेच्या जागी उंचवटा,
करंगळीहून बारीक, जराशी डावीकडे कललेली,
पाच वर्षांपूर्वी कचऱ्यात गेलेली नळी.

ओर्तेन्सियानं हात पुसले. मग बोट ठेवलं.
"हीच," ती म्हणाली.
भांडायला आलेल्या बाईचा आवाज नव्हता तो.
"घरी नेऊ?"
सुकेल, मी म्हटलं. आक्रसेल.
उद्या यात काहीच ओळखू येणार नाही.

चारची बोट त्यांना मिळाली.
रायेननं न विचारता कापसाचे दोन बोळे खिशात घातले.

दिवे मालवण्याआधी
रिकाम्या दवाखान्यात मी ञ म्हणून पाहिला.
जीभ आपोआप वर गेली, टेकली.
इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात वाकून पाहतेय,
आपल्याला छत आहे
हे आज लक्षात आलं.